उन्हात वाळत घातलेल्या काचा

आमच्या घरचं पितळी घंगाळ त्या माणसानं डांबरानं काळं केलं, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. घंगाळ माझ्या बायकोच्या माहेरचं, लग्नात आलेलं. चिंच लावून ती ते असं घासायची की त्यात बघून कुंकू लावावं. मी शाळेतून घरी आलो तर घंगाळ अंगणाच्या मधोमध उन्हात ठेवलेलं, बाहेरून कुळकुळीत काळं, आणि हे गृहस्थ शेजारी उकिडवे बसून पाण्यात थर्मामीटर बुडवून बघतायत. बायको दारात उभी होती.

"अहो, हात घालून बघा," ते मला म्हणाले. "एक काडी जाळलेली नाही."

मी हात घातला, पोळला आणि ओरडलो. माझं ओरडणं ऐकून त्यांना इतका आनंद झाला की उठून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, उद्यापासून आंघोळीचं पाणी तापवायचं नाही." वहिनी आत गेल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशीही बोलल्या नाहीत, कारण भाडेकरू मी आणलेला होता.

आता यवतमाळच्या गच्च्यांवर पाणी तापवायच्या काळ्या नळ्या दिसतात. कुणाला त्यांचं काही वाटत नाही. मला मात्र त्या दिसल्या की हाताची बोटं आपोआप मिटतात.

त्यांचं नाव सांगून काही उपयोग नाही, राळेगावात ते कुणी घेतच नसे. सगळे त्यांना 'ऊनवाले साहेब' म्हणत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, ते गणित शिकवायचे. आमच्या घराची पुढची खोली त्यांच्याकडे होती. मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आलेला, परदेशी जाऊन डॉक्टरेट घेतलेला माणूस राळेगावात सातवी-आठवीला त्रैराशिक शिकवतो, हे कळल्यावर शाळा समितीच्या एका सभासदानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "गुर्जी, मानूस डोक्यानं बरा हाय ना?" मी हो म्हणालो खरा, पण छातीवर हात ठेवून म्हणालो नाही.

सदऱ्याच्या वरच्या खिशात लोक पेन लावतात, यांच्या खिशात थर्मामीटर असे. ते कशातही खुपसत. चहात, वाळूत, एसटीच्या सीटखाली, कापसाच्या गाडीत. एसटीत ते हटकून उन्हाकडची बाजू मागायचे, आणि ती मिळायला कधीच अडचण पडत नसे. वैशाखात आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन अंधाऱ्या खोलीत पडून असायचो, तेव्हा हा माणूस अंगणात उघड्या डोक्यानं उभा राहून आभाळाकडे हात करून हळहळायचा, "वाया चाललंय! अहो, सगळं वाया चाललंय!" दूध उतू जाताना बाईचा जीव वरखाली होतो, तसा त्यांचा ऊन बघून व्हायचा. 'अहो' ते सगळ्यांना म्हणत. मला, माझ्या धाकट्या मुलीला, वाटेत आडव्या आलेल्या बैलालाही.

पहिल्या वर्षी त्यांनी एक मोठा अंतर्गोल आरसा आणला होता. शाळेच्या पटांगणात तो उभा करून, झाकायचं विसरून, ते वर्गावर गेले. ऊन सरकलं, आरशातला उजेड व्हरांड्यात गेला आणि तिथं खुंटीवर टांगलेल्या हेडमास्तरांच्या कोटातून धूर निघू लागला. सगळी शाळा बाहेर धावली. हेडमास्तर ओरडत होते, शिपाई पाणी आणत होता, आणि हे कोटाच्या भोकात बोट घालून मला म्हणाले, "किती वेळ लागला असेल हो? कुणी पाहिलं का?" त्यानंतर आरसा शाळेत आणायला बंदी झाली आणि ते उन्हावर शिजवायच्या पेटीच्या चुलीकडे वळले.

पण पेटीच्या आधी काचा सांगायला हव्यात.

हा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो उन्हाला भीत होता. सत्तावन्न साल असेल, कापूस वेचणीचे दिवस होते. राळेगावपासून सायकलनं तासाभराच्या अंतरावर एक गाव आहे. तिथला कोतवाल एक फाटकी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला.

"गुर्जी, आभायातून पेटी पडली जी नाल्यात. वरतं पांढरं धोतर बांधेल होतं."

चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं की ही पेटी शास्त्रीय कामाची आहे, उघडू नये, आणि अमुक पत्त्यावर तार करावी. मी तार केली. तिसऱ्या दिवशी एसटीतून एक फिकट, सुकडा माणूस उतरला. डोक्यावर हॅट, हॅटवर छत्री, आणि उजेडात डोळे मिचकावत राहणारा. वाटेत त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. आभाळाच्याही पलीकडून, कुठून कुठून, कण येत असतात. त्यांतले काही डोळ्याचं पातं लवायच्या आत मरून जातात. त्यांना धरायला मोठा फुगा सोडायचा, त्याला पेटी बांधायची, पेटीला खाली उतरायला पांढरी कापडी छत्री, आणि पेटीत काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचा. काचांवर जाड लेप असतो, त्यात त्या कणांच्या वाटा उमटतात. मग अंधाऱ्या खोलीत काचा धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाटा वाचत बसायचं. उजेडाचा एक थेंब लागला तर संपलं. या एका उड्डाणासाठी त्यांची पाच वर्षं गेली होती. ती पाच वर्षं कुठल्या तरी नाल्यात पडली आहेत, या कल्पनेनं त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. आता ते हसत होते. पेटी भक्कम आहे, म्हणत होते.

पेटी ज्यांना सापडली ते घर गावाच्या कडेला होतं. दौलत आणि गिरजाबाई. दोघं मजुरी करायची. आदल्याच वर्षी बौद्ध झालेलं कुटुंब. दारात गेरूनं नवीन सारवण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. अंगणात एक बाज टाकलेली होती, बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरलेलं, आणि लुगड्यावर, एकीला एक लागू न देता, पापड घालावेत तशा ओळीनं मांडलेल्या काचा. वर स्वच्छ, कडक, हिवाळी ऊन.

पेटीतल्या काचा होत्या त्या. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तेवढं कळत होतं.

गिरजाबाई पदर सावरत पुढं आली. चेहरा कौतुकाची वाट बघणारा.

"बसा जी, साहेब. पेटीत पानी गेलतं. सम्द्या ओल्या झालत्या, म्हून वाळू घातल्या. रोज सांजीले आत नेतो, सकाळी पुन्हा काढतो. कोंबड्या येऊ नाही देल्या, लेकराईले हात लावू नाही देल्ला. मोजून घ्या. एकई नाही फुटली."

मी त्यांच्याकडे बघायची हिंमत केली नाही. मग बघितलं. हॅट त्यांच्या हातात होती. छत्री खाली पडली होती. ते बाजेपाशी गेले, एक काच उचलली, उन्हात धरली, उलटी केली. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, नाहीतर कोसळेल. त्यांनी काच होती तिथंच, तशीच सरळ रेषेत ठेवली.

"खरंच, एकही फुटली नाही," ते म्हणाले. "फार जपलंत, बाई."

बाईचं तोंड उजळलं. "मंग जेवूनच जा जी," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर स्वतःच चपापली. असे साहेब लोक आपल्या घरी जेवत नसतात, हे तिला आठवलं असावं. दौलतनं खाली मान घातली. कोतवाल कुंपणाबाहेर उभा होता, तो तर आत यायलाच तयार नव्हता.

साहेब जोडे काढून आत गेले आणि भिंतीला टेकून बसले. मग मीही बसलो. गडबडीनं बाईनं चूल पेटवली. घरात धूर भरला, तिचे डोळे लाल झाले, पण हात थांबले नाहीत. ज्वारीची भाकर आणि पिठलं. मी पहिला घास घेतला आणि थबकलो. पिठल्यात मीठ नव्हतं. घाईत राहून गेलेलं, अजिबात नव्हतं. साहेबांनी ताट पुसून घेतलं, आणखी मागितलं, आणि म्हणाले, "पिठलं फार छान झालंय, बाई."

बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "तिला कधी कळता कामा नये. तुम्ही मला वचन द्या." मी दिलं. सायकलवर माझ्या मागं बसून त्या काचांची पेटी मांडीवर धरून ते राळेगावपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हॅट तिथंच राहिली होती.

पुढच्या वर्षी ते कायमचेच आले. का आले, याचं उत्तर ते माणूस बघून देत. हेडमास्तरांना म्हणाले, मुंबईत ऊन कमी पडतं. माझ्या बायकोला म्हणाले, मुंबईत ढेकूण फार. मला एकदाच खरं सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. "माझी सगळी हुशारी एक गोष्ट उन्हापासून लपवण्यात चालली होती. त्या बाईनं ती उन्हात ठेवली. मी तिथं उभा होतो, ऊन बघत होतो, आणि आत ती बाई धुरात खोकत होती. अहो, मला लाजच वाटली." मग लगेच थर्मामीटर काढून ते माझ्या चहात घातलं.

पेटीची चूल त्यांनी आमच्या अंगणात केली. एका लाकडी पेटीत दुसरी पेटी, दोन्हींच्या मध्ये ठासून कापूस. "थंडीत माणसाला गरम ठेवतो, तो डाळीला का नाही ठेवणार?" आत काळा केलेला पत्रा. वर काचेचं झाकण. यवतमाळहून एक अखंड काच आणणं सोपं होतं, मी आणूनही देणार होतो. त्यांनी नको म्हटलं. त्यांनी ती जुनी पेटी काढली, आमच्याच काळ्या घंगाळातल्या गरम पाण्यात एकेक काच बुडवून तिच्यावरचा लेप बोटानं सोडवला, आणि लाकडाच्या पट्ट्यांत त्या लहान लहान काचा बसवून खिडकीसारखं झाकण केलं. कुणी विचारलं तर म्हणत, "या काचा अनुभवी आहेत."

डाळ शिजली. बटाटे शिजले. एकदा त्यांनी अंडी शिजवली आणि माझ्या बायकोनं ते अंगण शेणानं दोनदा सारवलं. गाव येऊन बघून जाई, तोंडात बोट घाली, आणि घरी जाऊन चूल पेटवी. एकाही घरात ती पेटी गेली नाही.

त्यांचा जीव मात्र एकाच घरासाठी तुटत होता. गिरजाबाई बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन राळेगावला यायची आणि आमच्या ओट्यावर टेकायची. साहेब तिच्यापुढं पेटी उघडून दाखवायचे. धूर नाही, जळण नाही, डोळे लाल होणार नाहीत. ती ऐकून घ्यायची, चहा घ्यायची आणि मान हलवायची. 

एकदा त्यांनी हट्टच धरला. "काहून नाही, बाई?" तोवर त्यांना थोडं वऱ्हाडी येऊ लागलं होतं.

"चुलीवरचं गडगं कोनाले दिसत नाही, साहेब," ती म्हणाली. "त्यात काय हाय, काय नाही, ते आमचं आमाले ठाव. हे तुमचं गडगं रस्त्यावर. कोनीई येईन, काचातून पाहीन, आज गिरजीच्या घरी निस्तं पानी उकयून राह्यलं म्हनीन. कायले?"

साहेबांनी पेटीचं झाकण लावलं. त्या दिवशी ते "वाया चाललंय" म्हणाले नाहीत.

तीन एक वर्षं अशी गेली. मग एका बाजाराच्या दिवशी आमच्या दारात जीप थांबली. मुंबईच्या प्रयोगशाळेचे मोठे साहेब उतरले, पिकलेले केस, सुती सूट. आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला परत न्यायला आले होते. माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. अंगणात येऊन त्यांनी चूल पाहिली, वाकून झाकणाला हात लावला आणि थबकले.

"अरे! या त्याच प्लेट्स? आपल्या?" त्यांचा आवाजच चढला. "पाच वर्षांचं काम! जगात कुणाकडे नव्हतं ते आपल्याकडे आलं असतं. आणि कुठल्या अडाणी बाईनं उन्हात घालून त्याचं वाटोळं केलं!"

ओट्यावर गिरजाबाई बसली होती. टोपली मांडीवर, हातात चहाची कपबशी.

माझी बायको दारात तशीच उभी राहिली. मी आमच्या साहेबांकडे पाहिलं. बाजेवरच्या काचा पाहून न ओरडलेला हा माणूस आता पांढराफटक पडला होता. त्यांनी हात वर केला, जणू गेलेला शब्द हवेतून परत धरून आणायचा होता.

गिरजाबाई उठली. चुलीपाशी आली. त्या लहान लहान काचांकडे तिनं वाकून बराच वेळ पाहिलं. तिनं त्या रोज सकाळी मांडल्या होत्या आणि रोज संध्याकाळी उचलल्या होत्या. तिनं त्या ओळखल्या.

"कोनत्या बाईनं?" तिनं विचारलं.

मोठ्या साहेबांना तेव्हा उमगलं आणि त्यांनी चष्मा काढला. तिनं कपबशी ओट्यावर नीट ठेवली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली.

जीप रिकामीच परत गेली. पण त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी कसंतरी होतं. साहेबांनी चूल भिंतीकडे तोंड करून ठेवली. खिशातलं थर्मामीटर काढून कोनाड्यात ठेवलं. फाल्गुनातलं लख्ख ऊन अंगणात पडलेलं असायचं आणि हा माणूस खोलीचं दार लावून बसायचा. घंगाळाचं दुःख विसरून माझी बायको त्यांना म्हणाली, "भाऊजी, एकदा जाऊन या तिच्याकडे."

"कोणत्या तोंडानं, वहिनी? चार वर्षं तिला फसवलं मी."

पुढच्या बाजाराला ती येणार नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. ती आली. ऐन बारा वाजता, डोक्यावर टोपली, टोपलीत तिचं स्वतःचं मातीचं गडगं. ओट्यावर न बसता ती थेट त्यांच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. रस्त्यानं बाजार चालला होता, चार माणसं थांबली.

"साहेब, बाहीर या."

ते आले. मान खाली.

"पाच सालाचं काम होतं का ते?"

"होतं."

"मी बिगडवलं?"

ती वाट बघत राहिली.

"हो," ते म्हणाले.

"आन त्याच दिवशी तुमी माया घरी जेवले?"

"भूक लागली होती, बाई."

तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग काही न बोलता चूल भिंतीपासून ओढून स्वतःच उन्हात आणली. गडग्यात तुरीची डाळ होती, मूठ-दीड मूठ, जास्त नाही. रस्त्यावरच्या सगळ्यांना काचेतून दिसेल अशी. तिनं पाणी घातलं, हळद घातली, गडगं पेटीत ठेवून झाकण लावलं आणि त्या चुलीशेजारी मांडी घालून बसली. बघणारे वाढत गेले. कुणीतरी हसलं. "पाहा," ती म्हणाली, "माह्या घरची डाय हाय. नीट पाहून घ्या." मग कुणी हसलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा डाळ शिजली. बायकोनं आतून भाकरी आणल्या. गिरजाबाईनं पहिलं ताट साहेबांपुढं ठेवलं आणि समोर बसली. त्यांनी घास घेतला. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो घास. त्यांचे डोळे भरून आले.

"वा, बाई! काय छान—"

ती नुसती बघत होती. पापणी न हलवता. साहेबांचा घास तोंडातच थांबला. मी माझ्या ताटातली डाळ जिभेवर घेतली आणि साहेबांकडे पाहिलं.

बाजारातला कापडवाल्याचा पुकारा ऐकू येत होता. साहेबांनी घास गिळला. त्यांच्या चेहऱ्यावर जी ओढाताण चालली होती, तशी मी काचांच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "याच्यात मीठ नाही."

गिरजाबाईनं श्वास सोडला. चार वर्षं धरून ठेवलेला असावा तसा.

"नाहीच टाकलं," ती म्हणाली. "त्या दिवशीई नव्हतं. तुमी गेल्यावर मी जेवली, तवा समजलं. तवापासून पाहून राह्यली होती, हा मानूस मायाशी खरं कवा बोलते."

आणि तिनं पदराची गाठ सोडून त्यांच्या ताटात मीठ वाढलं.